‘तुमचा स्केल कुठला?’ : प्रमाणस्वर, पट्टी आणि थाट यांची गल्लत

गाण्याच्या क्लासात, भजनी मंडळात किंवा ऑर्केस्ट्राच्या तालमीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: “तुमचा स्केल कुठला?” उत्तर येतं “काळी एक” किंवा “पांढरी चार”, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी किंवा चौथी पांढरी पट्टी. तबलजी हातोडी उचलतो, पेटीवाला सा धरतो आणि गाणं सुरू होतं. इथपर्यंत काही अडत नाही. हाच गायक उद्या गिटार शिकायला जातो आणि तिथे ‘मेजर स्केल’, ‘मायनर स्केल’ हे शब्द ऐकतो, तेव्हा अडतं. एखादा व्हिडिओ त्याला बजावतो की ४४० हर्ट्झचं संगीत सोडा आणि ४३२ हर्ट्झचं ऐका, तेव्हाही अडतं. मग शंका सुरू होतात. ४३२ हा वेगळा राग आहे का? काळी एकची भैरवी आणि पांढरी दोनची भैरवी वेगळ्या असतात का? पाश्चात्त्य संगीतातलं ‘डोरियन’ म्हणजे आपली कुठली पट्टी?

मूळ घोळ शब्दाचा आहे. इंग्रजीत स्केल म्हणजे स्वरांचा संच आणि त्या स्वरांमधली अंतरं. आपल्याकडच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी तोच शब्द ‘सा कुठे धरायचा’ या अर्थाने घेतला. ‘स्केल चेंजर’ हार्मोनियमचंच पाहा. त्या पेटीत स्वरांची आपसातली अंतरं तसूभरही बदलत नाहीत. सरकतो फक्त सा. परदेशी वादकाला हे नाव बुचकळ्यात टाकतं, ते त्यामुळेच.

खरं तर इथे प्रश्न तीन आहेत. पेटीची पांढरी सहा सेकंदाला नेमकी किती कंपनं करते? हा प्रमाणस्वराचा प्रश्न, ४४० की ४३२ तो हाच. गायकाचा सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर बसतो? हा पट्टीचा प्रश्न. आणि सापासून बाकीचे सहा स्वर किती किती अंतरावर आहेत? हा थाटाचा, म्हणजे पाश्चात्त्यांच्या मोडचा प्रश्न. एकाचं उत्तर बदललं म्हणून बाकीच्या दोघांना काही होत नाही.

‘सी शार्प मायनर’ हे नाव घ्या. सिनेसंगीतातले वादक ते एका दमात म्हणतात, पण त्यात दोन उत्तरं जोडलेली आहेत. ‘सी शार्प’ म्हणजे काळी एक, ही पट्टी. ‘मायनर’ म्हणजे, तिच्या नैसर्गिक रूपात, आपल्या आसावरी थाटाची अंतरं. तिसरं उत्तर, काळी एक किती हर्ट्झची, या नावात नाहीच. ते ज्याच्या त्याच्या पेटीवर किंवा ट्यूनरवर अवलंबून.

प्रमाणस्वर: एक आकडा आणि त्यामागची ओढाताण

स्वराची उंची म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, एकक हर्ट्झ. कंपनं दुप्पट झाली की तोच स्वर वरच्या सप्तकात येतो. या दुपटीचे बारा सारखे भाग केले की पेटीच्या बारा पट्ट्या मिळतात, आणि प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या १.०५९४६ पट असते. याहून बारीक मोजायला ‘सेंट’ वापरतात: लागोपाठच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंट, सप्तकात १२००. एकदा एका पट्टीचा आकडा ठरला की बाकी सगळ्या गणिताने ठरतात. जगाने त्यासाठी मधल्या सप्तकातली पांढरी सहा निवडली आहे. ती ४४० धरली, तर त्याच सप्तकातली पांढरी एक २६१.६३ येते, काळी एक २७७.१८, पांढरी पाच ३९२ आणि काळी पाच ४६६.१६.

४४० हा आकडा निसर्गातून आलेला नाही. तो माणसांनी बैठकीत बसून ठरवला. त्याआधी युरोपात गावागणिक प्रमाणस्वर वेगळा असे, एवढंच काय, एकाच चर्चमध्ये दोन प्रमाणस्वर नांदत. जर्मन संगीतकार बाखच्या काळात लायप्झिगमधले चर्चचे ऑर्गन बाकी वाद्यांपेक्षा साधारण एका पूर्ण स्वराने चढे होते. त्यामुळे ऑर्गनवादकाची प्रत एक स्वर खाली उतरवून लिहावी लागे. त्याच्या कागदावर एक पट्टी, शेजारच्या व्हायोलिनच्या कागदावर दुसरी, आणि कानाला ऐकू येणारं संगीत एकच.

एकोणिसाव्या शतकात वाद्यवृंदांना चढ्या सुराची चटक लागली. तारा जास्त ताणल्या की आवाज झगझगीत वाटतो, म्हणून प्रमाणस्वर हळूहळू वर सरकत गेला आणि भुर्दंड गायकांच्या गळ्याला पडू लागला. फ्रान्सने १८५९ साली कायदा करून ४३५ हा आकडा बांधून दिला. इटलीत १८८४ साली ४३२ चा प्रस्ताव आला आणि ऑपेरा-रचनाकार वर्दी यांनी त्याला पाठिंबा दिला. ४३२ च्या समर्थकांचा सगळ्यात भक्कम ऐतिहासिक दाखला तो हाच. पण वर्दींची तळमळ गायकांचे गळे वाचवण्याची आणि सगळीकडे एकच आकडा असण्याची होती. विश्वाच्या स्पंदनांशी तिचा संबंध नव्हता. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातल्या परिषदेने ४३५ मान्य केला.

४४० वर शिक्कामोर्तब झालं ते १९३९ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत. ४३९ हाही आकडा इंग्लंडमध्ये चालू होता. पण बीबीसी रेडिओवरून जो प्रमाणस्वर ऐकवत असे, तो सेकंदाला दहा लाख कंपनं करणाऱ्या स्फटिकापासून बनवला जाई: दहा लाखाला १००० ने भागायचं, ११ ने गुणायचं आणि २५ ने भागायचं, की ४४०. ४३९ ही मूळ संख्या असल्यामुळे असा सोपा हिशेब तिला जमत नाही. निर्णय इतका व्यावहारिक होता. १९५५ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने तो स्वीकारला आणि १९७५ साली पुन्हा कायम केला. तरीही युरोपातले बरेच वाद्यवृंद आज ४४२-४४३ वर लावतात, आणि जुन्या बरोक संगीताचे वादक साधारणपणे ४१५ वर. ४१५ म्हणजे आपल्या ४४० च्या पेटीवरची काळी चार. त्यांची ‘पांढरी सहा’ जिथे वाजते, तिथे आपली काळी चार वाजते, बस.

४३२ ने काय बदलतं आणि काय नाही

४४० आणि ४३२ यांतलं अंतर ३२ सेंट, म्हणजे एका पट्टीचा जेमतेम तिसरा हिस्सा. तार तीच ठेवून सूर एवढा उतरवला तर तिच्यावरचा ताण सुमारे ३.६ टक्के कमी होतो. तेवढ्याने तार किंचित मऊ बोलेल, गळ्याला वरच्या सप्तकात थोडा आराम मिळेल. हे फायदे खरे आहेत. पण सगळेच स्वर एकाच पटीत खाली आलेले असतात, म्हणून सा आणि गंधार यांचं नातं जसंच्या तसं राहतं. यमन यमनच राहतो.

४३२ च्या बाजूने आणखी एक गणित मांडलं जातं: ‘पांढरी सहा ४३२ असेल तर पांढरी एक २५६ येते, आणि २५६ म्हणजे एकाची आठ वेळा दुप्पट, म्हणून हा आकडा शुद्ध.’ यात गफलत आहे. पेटीच्या समान विभागणीने पांढरी एक २५६.८७ येते. नेमके २५६ मिळवायचे असतील, तर सा ते धैवत हे अंतर १६ ला २७ या प्रमाणात धरावं लागतं, म्हणजे स्वरांची विभागणीच बदलावी लागते. आणि मुळात सेकंद हे माणसाने ठरवलेलं माप आहे. सेकंद थोडा लहान-मोठा असता तर तोच स्वर वेगळ्या आकड्याचा झाला असता.

१३६.१ हर्ट्झ हा ‘ॐचा स्वर’ म्हणून सांगितला जातो, त्याची गोष्टही अशीच. स्विस लेखक हान्स कूस्तो यांनी पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फेरीचा काळ घेतला आणि तिची कंपनसंख्या बत्तीस वेळा दुप्पट केली. हिशेब बरोबर आहे, १३६.१ येतात. पण कुठल्याही प्राचीन ग्रंथात हर्ट्झमध्ये स्वर असणं शक्यच नाही, कारण सेकंदाला किती कंपनं होतात हे मोजायची साधनंच नंतरची. गंमत म्हणजे हा स्वर ४३२ च्या मानाने लावलेल्या, खालच्या सप्तकातल्या काळी एकला (१३६.०७) जवळजवळ चिकटून बसतो, आणि काळी एक ही आपल्याकडच्या असंख्य पुरुष गायकांची पट्टी. तानपुरा थोडा उतरवून लावणारा गायक नकळत तिथे पोचलेला असतो. त्याने त्याचा राग बदललेला नसतो.

आपल्या शास्त्राला या आकड्याची किती फिकीर होती हे पाहायचं असेल, तर संगीताची जुनी क्रमिक पुस्तकं उघडा. तिथे सा २४० कंपनांचा, रे २७०, ग ३००, म ३२०, प ३६० आणि तार सा ४८० अशी गणितं दिसतात. २४० का? भागाकार सोपा जातो म्हणून. ४४० च्या पेटीवर २४० हा स्वर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध, भेगेत पडतो. कुठल्याही पट्टीवर नसलेल्या सावर आख्खं स्वरशास्त्र शिकवलं गेलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

थाट: पेटीसमोर बसून करायचा प्रयोग

आता दुसरं टोक. पेटी उघडा. पांढरी एकला सा म्हणा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या क्रमाने वाजवा. बिलावल थाट ऐकू येतो. सगळे शुद्ध स्वर. पट्ट्यांची अंतरं मोजली तर २-२-१-२-२-२-१ येतात (काळ्या धरून मोजायचं, लागून असलेली पट्टी म्हणजे १).

आता तीच बोटं, त्याच पांढऱ्या पट्ट्या, पण सुरुवात पांढरी दोनपासून, आणि मनात पांढरी दोन हाच सा पक्का करून. त्यासाठी डाव्या हाताने भाता चालता ठेवा आणि जोडीला तानपुरा पांढरी दोनवर लावा. अंतरं आता २-१-२-२-२-१-२ झाली. गंधार आणि निषाद कोमल झाले. हा काफी थाट. पेटीत एकही सूर नवा आला नाही, कुठल्याही पट्टीची कंपनं बदलली नाहीत. बदललं ते साचं घर. पांढरी तीनपासून भैरवी मिळेल, चारपासून कल्याण, पाचपासून खमाज, सहापासून आसावरी. सातपासून निघालात तर शुद्ध पंचमच सापडत नाही, त्याच्या जागी तीव्र मध्यम येतो. म्हणून त्या मांडणीला आपल्या दहा थाटांत जागा नाही.

पाश्चात्त्य नावं हवी असतील तर याच क्रमाने: आयोनियन, डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन, एओलियन आणि शेवटचा लोक्रियन. डोरियन म्हणजे काफी, फ्रिजियन म्हणजे भैरवी. त्या कुठल्या ‘पट्ट्या’ नाहीत आणि कुठल्या हर्ट्झच्याही नाहीत. आपल्या दहा थाटांपैकी सहा या यादीत सापडतात. उरलेले चार, म्हणजे भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवरून कुठूनही निघालात तरी मिळणार नाहीत. त्यांच्यात अशी अंतरं आहेत जी युरोपच्या जुन्या चर्चसंगीतातल्या मोडना ठाऊक नव्हती. भैरवमध्ये कोमल रिषभावरून शुद्ध गंधाराकडे जाताना तीन पट्ट्यांची उडी आहे, ती वाजवून पाहा. ही दहा थाटांची व्यवस्था पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी बसवली. रागांचं वर्गीकरण सोपं व्हावं, एवढाच तिचा हेतू.

नवशिक्यांची सगळ्यात ठरलेली चूक याच प्रयोगात लपलेली आहे. शिकवणारे सांगतात, “आज पांढरी दोनवरून सरगम वाजवा.” विद्यार्थी पांढरी दोनवर बोट ठेवतो आणि सवयीने पुढच्या पांढऱ्याच पट्ट्या दाबत जातो. त्याला वाटतं आपण पट्टी बदलली. प्रत्यक्षात थाट बदललेला असतो, बिलावलचा काफी झालेला असतो, आणि ओळखीचं गाणं उदास आणि परकं वाटू लागतं. पट्टी बदलायची तर २-२-१-२-२-२-१ हा सांगाडा उचलून न्यावा लागतो. काळी एकपासून बिलावल हवा असेल तर: काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी तीन, काळी चार, काळी पाच, आणि निषादाला पुढच्या सप्तकाची पांढरी एक. बोटांना विचित्र वाटतं, पण कानाला अगदी तेच गाणं ऐकू येतं, फक्त थोडं चढं.

ओळखण्याची खूणही यातूनच मिळते. सगळे स्वर एकाच पटीत हलले तर पट्टी किंवा प्रमाणस्वर बदलला. सापासून मोजताना काही स्वर हलले आणि काही जागीच राहिले, तर थाट बदलला.

सा हलवून नवीन स्वरावली काढण्याच्या या युक्तीला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात, आणि तिची सगळ्यात देखणी रूपं पाच स्वरांच्या रागांत दिसतात. भूपाचे स्वर घ्या: सा रे ग प ध. रिषभाला सा मानलात की मध्यमादी सारंगाचे स्वर मिळतात. गंधाराला सा मानलात की मालकंसाचे. पंचमापासून दुर्गा, धैवतापासून धानी. काळ्या पाच पट्ट्यांवर हे सगळं वाजवता येतं: काळी तीनला सा धरला की भूप, काळी पाचला सा धरला की मालकंस. मैफलीत कसलेले गायक क्षणभर साचं घर बदलून हे दाखवतात तेव्हा तानपुरा मात्र मूळ सावरच बोलत राहतो, आणि म्हणूनच तो क्षण चमकून जातो. ऐकणाऱ्याला दोन सा एकाच वेळी जाणवतात.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी: थाट म्हणजे राग नव्हे. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच, पण एक गंधारावर विसावतो, दुसरा धैवतावर, आणि दोघांचे थाटही वेगळे मानले आहेत. मारवा, पूरिया आणि सोहनी एकाच स्वरांत राहून तीन निराळ्या घरांत राहतात. ‘काफी म्हणजे डोरियन’ हे विधान शिडीच्या पायऱ्यांपुरतं खरं आहे. त्या शिडीवर कसं चढायचं, कुठे थांबायचं आणि कुठली पायरी नुसती स्पर्शून जायची, हे राग सांगतो.

मधला पडदा: अंतरांचीच दोन मापं

प्रमाणस्वर आणि थाट यांच्या मध्ये आणखी एक गोष्ट बसते, आणि ४३२ वाल्या चर्चेत खरा फरक अनेकदा तिचा असतो. ‘शुद्ध गंधार’ नेमका किती वर? पेटी म्हणते ४०० सेंट. सुरेल तानपुरा म्हणतो ३८६, कारण त्याचा गंधार साच्या कंपनांशी ४ ला ५ असं साधं नातं ठेवतो.

हे कानाने तपासता येतं. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या साची तार, ६९.३ हर्ट्झचा असतो. जवारी, म्हणजे घोडीवर तार घासून उठणारी झणकार, नीट उघडलेली असेल तर त्यातून आपोआप गंधार ऐकू येतो, पाचपट म्हणजे ३४६.५ वर. आता पेटीची मधली पांढरी चार हळू दाबून धरा. ती ३४९.२३ वर आहे. दोघांत पावणेतीन हर्ट्झचा फरक, म्हणून आवाज सेकंदाला जवळजवळ तीन वेळा डोलताना ऐकू येईल. पेटी बेसूर लावलेली नाही. ती दुसऱ्या मापाने लावलेली आहे. प्रमाणस्वर ४४० करा नाहीतर ४३२, हा डोल जाणार नाही.

पेटीचे स्वर अडून बसतात, मींड घेत नाहीत (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जात नाहीत), या तक्रारींवरून ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून जवळजवळ तीन दशकं पेटीला दाराबाहेर ठेवलं. त्याच्याही आधी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांच्या, जागा मोजून तशी पेटी घडवण्याची धडपड केली होती, आणि त्या मोजमापांत उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची मदत होती. हा सगळा वाद अंतरांच्या मापाचा आहे. सा किती हर्ट्झचा, हा प्रश्न त्यात कुणीच विचारला नव्हता.

लावताना: क्रम आणि चुका

मैफलीआधी वाद्यं जुळवताना सगळ्यात हट्टी वाद्याला आधी विचारायचं. ते म्हणजे पेटी. तिच्या पितळी सुरी, म्हणजे आवाज काढणाऱ्या आतल्या पात्या, घासल्याशिवाय सूर हलत नाही: सुरीचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, आणि हे काम कारागिराचं. म्हणून मोबाइलवरच्या ट्यूनरने आधी पेटीचा सा तपासा, भाता मध्यम दाबाने चालवून. फार जोर दिला तर सूर ढळतो आणि आकडा फसवतो. जुन्या पेट्या नेमक्या ४४० वर क्वचितच सापडतात. ट्यूनर ‘काळी एक, अधिक १५ सेंट’ दाखवत असेल तर तोच आजचा सा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा ॲप त्याच्याशी १५ सेंट चढवून जुळवा. इथे बहुतेकांची चूक होते: ॲपवर ‘काळी एक’ निवडलं की काम झालं असं वाटतं, आणि मग आख्खी मैफल त्या १५ सेंटांचा डोल कानाशी भुणभुणत राहतो.

मग खरा तानपुरा. आधी मधल्या दोन तारांची जोड साला, मग खर्ज, शेवटी पहिली तार. खुंटीने जवळ आणायचं, मण्याने नेमकं करायचं, आणि जवारीचा दोरा सगळ्यात शेवटी, कारण सूर हलला की जवारीची जागाही हलते. पंचम पेटीवरून घेऊ नका. पेटीचा पंचम ७०० सेंटांवर, खरा ७०२ वर. तो साशी जुळवून, डोल पूर्ण थांबेपर्यंत लावा. रागात पंचम नसेल, जसा मालकंसात, तर पहिली तार मध्यमाला. मारवा किंवा पूरियाला बहुतेक जण निषादाला. एवढ्या एका जागी थाट-रागाचा प्रश्न लावणीत शिरतो, आणि तोही एकाच तारेपुरता.

काळी एकसाठी बांधलेला तानपुरा पांढरी दोनला चढवला तर तारेवरचा ताण सुमारे बारा टक्क्यांनी वाढतो. बहुतेकदा चालून जातं. त्याहून वर नेला तर तार तुटण्याची भीती, आणि फार खाली आणला तर तार ढिली पडून जवारी बोलतच नाही. म्हणूनच काळी चार-पाचला गाणाऱ्या स्त्रियांसाठी तानपुरा लहान बांध्याचा आणि वेगळ्या जाडीच्या तारांचा असतो. एकच तानपुरा खुंट्या पिळून दोघांना पुरत नाही. तबल्याचंही तसंच: मोठा फरक गट्ट्यांनी (वादीखालच्या लाकडी ठोकळ्यांनी), बारीक फरक गजऱ्यावर (कडेच्या वेणीवर) हातोडीने, पण पुडीच्या, म्हणजे वरच्या चामड्याच्या, घेराने ठरवलेली मर्यादा ओलांडता येत नाही.

बासरी आणि पेटी एकत्र असतील तर हवामान लक्षात ठेवा. हवा तापली की तिच्यातला ध्वनीचा वेग वाढतो आणि बासरी चढते, दर अंशाला साधारण तीन सेंट. थंड खोलीत २० अंशांवर जुळवलेली बासरी ३० अंशांच्या मांडवात गेली की जवळपास २९ सेंट चढी होते. ४४० आणि ४३२ मधलं जवळजवळ सगळं अंतर एका दुपारच्या उन्हात पार होतं. तानपुऱ्याच्या तारा मात्र दिव्यांच्या उष्णतेने पसरून उतरतात. म्हणजे एकाच मंचावर एक वाद्य वर आणि दुसरं खाली चाललेलं असतं. वाद्यं मंचावर आणून निदान अर्धा तास तिथल्या हवेत ठेवल्याशिवाय शेवटची लावणी करू नये.

ठुमरी, नाट्यगीत किंवा भैरवी गाताना काही गायक ‘मध्यमाला सा’ करतात, तेव्हा पुन्हा गोंधळ उडतो. काळी एकचा गायक अशा वेळी काळी तीनला सा मानतो, त्यामुळे नव्या सापासून खाली मंद्र पंचमापर्यंतचा भाग त्याला चालीत मोकळा वापरता येतो. पेटीवाल्याने सगळा सांगाडा काळी तीनवर न्यायचा, तबला काळी तीनच्या साशी जुळवायचा किंवा तसा दुसरा घ्यायचा. ही पट्टीच बदललेली आहे, थाट नव्हे. मूर्च्छनेत स्वर तेच ठेवून सा हलतो, इथे साबरोबर सगळे स्वर हलतात.

जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून ‘अमुक उस्ताद अमुक पट्टीत गात’ असं ठामपणे लिहिणाऱ्यांनीही जरा थांबावं. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या सगळ्याच नेमक्या ७८ च्या वेगाने मुद्रित झालेल्या नसत. ७८ ने मुद्रित झालेली तबकडी ८२ ने फिरवली तर सूर ८७ सेंट, म्हणजे जवळजवळ एक आख्खी पट्टी चढतो, आणि लयही तेवढीच धावते. काळी एकचा गायक पांढरी दोनच्या जवळ ऐकू येतो. अशा मुद्रिकेवरून त्याची पट्टी सांगणं धोक्याचं. पण राग ओळखायला काहीच अडचण येत नाही: तबकडी कितीही वेगाने फिरली तरी कोमल गंधार साच्या तितकाच वर राहतो.